रोम सोडून विणलेलं जाळं

इटलीला जाऊन रोम न बघता परत आलेला सातपाटीतला मी एकटाच. बहुतेक अख्ख्या पालघर जिल्ह्यातला. गावात कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, तो वाकडा मनोरा पाहिला का, पोपचं घर पाहिलं का. नाही पाहिलं. मी मोलीझे पाहिलं. मग समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जसं काही म्हाताऱ्याला मुलानं भलत्याच बसमध्ये बसवून दिलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही होडी किनाऱ्याला असेल त्या दिवसांपुरतं. तरी हे मी माझ्या हातानं लिहितोय. मुलाला सांगायला लावलं तर तो माझी चूक आधी सांगतो आणि काम मागाहून. मी दोन्ही सांगणार आहे, पण माझ्या क्रमानं.

मुलगा तारापूरच्या एका कारखान्यात आहे, राहायला सरावलीला. अठरा वर्षांपूर्वी त्यानं मला तोंडावर सांगितलं की तो होडीवर येणार नाही, आयटीआय करणार. मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण होडीचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. गेल्या साली कंपनीनं त्याला वर्षभरासाठी इटलीतल्या एका कारखान्यात पाठवलं आणि जुलैत त्यानं आम्हा दोघांना महिन्याभरासाठी बोलावलं. जुलैत आमची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ताडपत्रीनं झाकलेल्या, त्यामुळे मला नाही म्हणायला कारण उरलं नाही. बायकोला होतं. सुकी मासळी पावसातच खपते. ती म्हणाली, "तुमी जा. तुमी घरात नसलात की माझी कामं येळेवर होतात."

विमानात माझ्या रांगेत डोंबिवलीची मंडळी होती, सहलीला निघालेली. त्यांच्याकडे छापील कागद होता, कुठल्या दिवशी काय बघायचं आणि कुठल्या गावात आपलं जेवण मिळेल. मी मुलाच्या गावाला, तेर्मोलीला चाललोय म्हटल्यावर त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. तेर्मोली त्यात नव्हतं. त्यातल्या एका बाईंनी माझ्या हातात खाकरा ठेवला, कीव येऊन.

रोमच्या विमानतळावर उतरलो, तेवढंच माझं रोम. तिथं मुलगा घ्यायला आला होता. त्यानं मला बसमध्ये बसवलं आणि आम्ही देश आडवा कापून पलीकडच्या समुद्राकडे निघालो. वाटेत डोंगर, डोंगरांच्या माथ्यावर गावं, गव्हाची कापलेली शेतं. मुलगा सांगत होता, तेर्मोली ज्या प्रांतात येतं तो मोलीझे, पण कारखान्यातले लोक थट्टेनं म्हणतात की असा प्रांतच नाही, नकाशावर उगाच काढलाय. पूर्वी तो शेजारच्या प्रांताला जोडलेला होता, मग वेगळा झाला, आणि अजून इटलीतल्याच माणसांना तो कुठं आहे ते सांगावं लागतं. मुलाला त्यात गंमत वाटत होती. मला राग आला. आम्ही जन्मभर हेच ऐकलं. मुंबईत पालघर म्हटलं की विचारतात, विरारच्या पुढं का? आणि विचारतात असे, की विरारच्या पुढं नुसतं पाणीच असावं. जिल्हा आता झाला, अगोदर आम्ही ठाण्याचं शेपूट. त्या प्रांताची बाजू मी बसमध्येच घेतली.

तेर्मोली म्हणजे समुद्रात घुसलेला एक खडक. त्यावर तटबंदी, आत रंगीत घरं, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं जावं अशा बोळी. खाली बंदर, बंदरात मोठ्या बोटी. गावाबाहेर नदीच्या अंगाला कारखाने, धुराडी, पाळी सुटली की माणसं भरून निघणाऱ्या बस. म्हणजे सातपाटी आणि आमचं कारखान्यांचं बोईसर एकाच गावात. फक्त मासे तिथं पुरुष विकतात. हे मी बायकोला फोनवर दाखवलं. ते बघून ती म्हणाली, "मग गिऱ्हाइकाशी भांडतं कोण?"

मुलगा सकाळी कामाला जायचा, मी तटावर जाऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. तिथी मोजायची सवय परदेशात गेलं म्हणून सुटत नाही. मुलाला म्हटलं, आज उधाणाची ओहोटी, संध्याकाळी सहाला पाणी पार आत ओसरेल, कामावरून थेट इकडं ये, तुला ह्यांच्या समुद्राची जमीन दाखवतो. तो आला. सहा वाजले, सात वाजले. पाणी होतं तिथंच. सातपाटीला ओहोटी लागली की होड्या चिखलात बसतात, माणूस लांबपर्यंत चालत जातो. इथं खडकावरचा ओला पट्टा बोटभरही खाली आला नाही. मुलानं दोनदा घड्याळ बघितलं, आणि तेच मला जास्त लागलं.

तटाच्या खाली, खडकाला धरून, एक लाकडी मचाण समुद्रात उभं होतं. बारीक बारीक लाकडी पाय, त्यावर फळ्या, एक खोपटं, आणि पुढं लांबलचक वासे पाण्यावर झुकलेले. त्या वाशांवरून चादरीसारखं जाळं पाण्यात सोडायचं, मासे त्याच्यावर आले की रहाट ढकलून चारी कोपरे एकदम उचलायचे. होडी नाही, किनारा सोडायचा नाही. ते लोक त्याला त्राबुक्को म्हणतात. त्याचा मालक एक म्हातारा. तो तीन दिवस मला बघत होता. त्यानं खालून ओरडून विचारलं, काही हरवलंय का. मुलाला त्यांची भाषा मोडकीतोडकी येते, त्यानं ओहोटीचं सांगितलं. म्हातारा हसत सुटला आणि हाताचा पंजा आडवा धरून दाखवला, आमचा समुद्र एवढाच हलतो. मी म्हटलं, मग हे तळं आहे. मुलानं त्याचं भाषांतर केलं नाही. पण तोंडावरून कळलं असावं, कारण म्हाताऱ्यानं आम्हाला खाली बोलावलं. मी त्याला म्हातारा म्हणतोय, तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाला.

खाली गेल्यावर दिसलं की वासे रिकामे आहेत. जाळं फळ्यांवर घडी घालून ठेवलेलं, आणि त्याच्या मधोमध खाट मावेल एवढं भोक. वादळात एक ओंडका वाहत आला आणि आरपार गेला. म्हाताऱ्याची बोटं संधिवातानं वाकडी, त्याला गाठ मारता येत नव्हती. बंदरावर जाळी दुरुस्त करणारा एकच माणूस. तिथंही आपल्यासारखी मासेमारीची बंदी असते, ती लागायच्या आत मिळेल तेवढं पकडायचं म्हणून सगळ्या बोटींची जाळी त्याच्याकडे पडलेली. त्यानं महिना सांगितला होता.

म्हाताऱ्याकडे महिना नव्हता. त्याच्या मुलीची वर गावात खानावळ होती आणि तिला मचाणावर टेबलं मांडायची होती. त्या किनाऱ्यावर अशी बरीच मचाणं आता खानावळी झालीत, जाळं टांगलेलं असतं ते शोभेला. मुलगी वाईट नव्हती. मागच्या थंडीत बाप फळीवरून पाण्यात पडला तेव्हा त्याला बाहेर काढणारी तीच. तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, ऑगस्टच्या सुरुवातीला गावचा देव बोटीत घालून समुद्रावर नेतात, त्या दिवशी जाळं पडलं आणि त्यात मासा आला, तर हे वर्ष तुमचं. नाही तर दुसऱ्या दिवशी सुतार येईल. त्या दिवसाला आठवडा उरला होता. म्हातारा हे सगळं हसत सांगत होता, पण खोपटाच्या चौकटीला धरलेला हात काही सोडत नव्हता.

मी मुलाला म्हटलं, "त्याला सांग, मी विणून देतो."

"बाबा, डोळ्याचं ऑपरेशन होऊन तुमाला तीन महिने पण झाले नाय."

"जाळं डोळ्यानं विणतात हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाय शिकवलं."

"आणि शनिवार-रविवार रोम हाय. तिकिटं काढलीयत मी."

मी म्हटलं, तिकिटं परत कर. रोम आजवर कुठं गेलं नाही, पुढंही जाणार नाही, जाळ्याचं तसं नाही. तो घरी जाईपर्यंत माझ्या पुढं दहा पावलं चालत होता. आईला फोन करून तक्रारही केली. ती म्हणाली असेल, मी बेचाळीस वर्षं काढली, तू एक महिना काढ.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला बसलो. म्हाताऱ्याकडची लाकडी सुई आमच्या बांबूच्या सुईसारखीच, फक्त सुतळी अडकवायची मधली जीभ जरा जाड. सुतळीही बरी होती. फक्त त्यांच्या जाळ्याचा आस, म्हणजे चार गाठींच्या मधली मोकळी जागा, मला पसंत पडला नाही. करंगळीसुद्धा अडेल एवढा बारीक. मी जन्मभर पापलेटची जाळी विणली, ते माप माझ्या बोटांत मुरलंय. आणि आमच्यात बारीक आस लावणाऱ्याला चांगलं म्हणत नाहीत. रुपयाएवढी पापलेटची पिल्लं टोपल्या भरभरून आलेली आम्ही डोळ्यांनी पाहिलीत, आणि मग मोठं पापलेट दिसेनासं झालेलंही आम्हीच पाहिलं. त्यावरून मच्छीमार सोसायटीच्या सभेत मी सख्ख्या मेव्हण्याशी भांडलोय. तेव्हा मला वाटलं, ह्या लोकांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांचे पाच-सहा आस माझ्या एका आसात घेत मी सातपाटीचं जाळं विणायला सुरुवात केली.

लोक तटावरून वाकून बघायचे. कुणी फोटो काढायचे. म्हाताऱ्याची मुलगी दुपारी वाडगा घेऊन यायची, माशाचं कालवण, त्यात हिरव्या मोठ्या मिरच्या आणि तिखटाचं नाव नाही. मी खिशातली पुडी काढून बायकोनं दिलेला मसाला वर भुरभुरवायचो. एक दिवस तिनं चाखून पाहिलं, खोकली, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी चिमूटभर मागून नेला.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्यानं माझ्या विणीतून मूठ आरपार घातली, पार कोपरापर्यंत, आणि माझ्याकडे बघितलं. मुलगा कामावर होता, बोलायला मध्ये कुणी नाही. मी मान हलवली, त्याची पाठ थोपटली, म्हणजे तू काळजी करू नको, मला कळतं. त्यानं अजून एकदा बघितलं आणि रहाटाला वंगण लावायला गेला. बिचाऱ्याला वाटलं असेल, ह्या माणसाचा समुद्र एवढा मोठा, ह्याला काहीतरी ठाऊक असणार.

शनिवारी संध्याकाळी ठिगळ पुरं झालं. रविवारी देवाचा दिवस. बोटी पाचला निघणार होत्या, म्हणून सकाळी नऊला जाळं एकदा टाकून बघायचं ठरलं. मुलगाही आला, तोंड पाडून, कारण त्या वेळी तो खरं म्हणजे रोमला असता. म्हाताऱ्याची मुलगी फळीच्या टोकाला उभी राहिली. जाळं पाण्यात गेलं. म्हातारा पुढच्या फळीवर ओणवा होऊन बघत होता. बऱ्याच वेळानं त्यानं हात वर केला. मी आणि मुलानं रहाट ढकलला. जाळं झोळीसारखं वर आलं, मधोमध चांदीसारखी बोय मासळी, चांगली पंधरावीस. मी ओळखली, आपल्याकडचीच बोय, अंगानं बारीक. झोळी पाण्याबाहेर आली, सगळे मासे घरंगळून मध्ये गोळा झाले, आणि मध्ये होतं माझं ठिगळ. फाटक्या गोणीतून भात सांडावा तसे ते खाली सांडले. एक राहिला नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुलगी बापाजवळ गेली, खांद्यावर हात ठेवला, हळू काहीतरी म्हणाली. मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ती त्याला म्हणते, बाबा, आता पुरे झालं."

मी मुलाला सांगितलं, ह्यांना पापलेटच्या पिल्लांचं समजाव. त्यानं समजावलं, अगदी सगळं, सोसायटीतल्या भांडणासकट. त्याला हे एवढं माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग दोन वाक्यं बोलला. मुलानं सांगितलं, "बाबा, तो म्हणतो, आमची बोय वाढून वाढून एवढीच होते. जी सुटली ती पिल्लं नव्हती. ती माझ्यासारखी म्हातारी होती."

म्हणजे मी त्याच्या समुद्रातल्या माशाला आमच्या समुद्राचं माप लावलं होतं. ओहोटीला लावलं तसंच, आणि ओहोटीला फसल्यावरही शहाणा झालो नव्हतो. मी म्हटलं, "त्याला सांग, माझं चुकलं."

 मुलानं हे वाक्य माझ्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. "हे पण सांगू?"

"हे पयलं सांग. आणि मग त्याला म्हणावं, मला सुरी दे."

बारीक आस विणायला सहा दिवसांच्या दुप्पट-तिप्पट दिवस लागले असते, आणि हातात होते सात-आठ तास. पण आमच्यात जाळ्याचं पोट फाटलं आणि वेळ नसला की एक करतात. काठाचा चांगला तुकडा कापायचा आणि पोटाला लावायचा, कारण मासा थांबतो तो पोटात, काठाला त्याचं काम नसतं. ह्यात नवं विणायचं नाही, नुसतं जोडायचं. माझं ठिगळ मधून काढून काठाला जाईल, काठाचा बारीक आस मध्ये येईल. एवढं मुलानं समजावल्यावर मुलगी मध्ये पडली. आता चांगलं जाळंही कापणार का, असं तिनं विचारलं, आणि माझ्याकडे बोट केलं. तिचं बरोबर होतं. एकदा काम बिघडवलेल्या माणसाच्या हातात कुणी सुरी देत नाही.

म्हाताऱ्यानं दिली. कमरेची स्वतःची सुरी, मुठीवर सुतळी गुंडाळलेली. देताना हसला नाही.

मी काठाचा तुकडा कापला. पहिला आस तुटला तेव्हा म्हातारा पाण्याकडे बघत होता. मग तुकडा मध्ये पसरला आणि एका कोपऱ्यापासून गाठी घालायला लागलो. ऊन फळ्यांवरून उलटून डोळ्यांत येत होतं, ऑपरेशनवाल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मी तो डोळा मिटूनच घेतला. सुईतली सुतळी संपली की हात मागं करायचो आणि भरलेली सुई हातात यायची. दोनतीनदा असं झाल्यावर मनात आलं, म्हाताऱ्याच्या बोटांना तर सुई भरता येत नाही. मागं वळून बघितलं तर मुलगा मांडी घालून बसला होता. सुतळी जिभेला अडकवायची, सुई पालथी करायची, परत अडकवायची, न बघता. आठ वर्षांचा असताना शिकवलेलं. तिथून पुढं त्यानं दुसरी सुई घेतली आणि समोरच्या बाजूनं गाठी घालत माझ्याकडे यायला लागला.

त्याच्या गाठी माझ्या गाठींपेक्षा घट्ट होत्या. तेव्हा बोललो नाही. इथं लिहून ठेवतो.

जेवण कुणाला सुचलं नाही. मुलीनं आणलेले वाडगे तसेच थंड झाले. तीनच्या सुमारास तिनं पदर खोचल्यासारखा आपला झगा आवरला, खाली बसली आणि आम्ही जोडत होतो तिथं जाळं ताणून धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. पावणेपाचला आमच्या दोघांच्या सुया समोरासमोर आल्या. शेवटची गाठ मी त्याला मारू दिली. मग माझं मोठ्या आसाचं ठिगळ काठाच्या रिकाम्या जागी चार-चार बोटांच्या अंतरावर अडकवून टाकलं, तिथं तेवढं पुरे होतं.

पाचला बंदरात भोंगे वाजले. पुढच्या बोटीत देव, फुलं, बँडवाले, मागं सगळ्या बोटी, त्यांत माणसं खच्चून भरलेली. तटावर अख्खं गाव. बोटी आमच्या समोरून गेल्या तेव्हा म्हाताऱ्यानं टोपी काढली, मीही हात जोडले, देव कुणाचाही असला तरी तो समुद्रावर निघालेला होता. बोटी लांब जाईपर्यंत म्हाताऱ्यानं जाळं टाकू दिलं नाही. मग टाकलं.

पहिल्यांदा रिकामं आलं. भोक नव्हतं, मासाच नव्हता. मुलगी हाताची घडी घालून उभी. म्हाताऱ्यानं परत सोडायला लावलं आणि पुढं जाऊन ओणवा झाला. एवढा वेळ गेला की मुलगा रहाटावरचा हात बदलायला लागला. मग म्हाताऱ्याचा हात वर झाला, आणि आम्ही ढकललं, दोघांनी मिळून, जसं आमच्या गावात होडी वर ओढताना ढकलतात. जाळं वर आलं. पोट भरलं, ताणलं, आणि राहिलं. तीन मोठ्या बोय आणि ओंजळभर बारीक मासळी. तटावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत, पण वाजवल्या.

मुलगी झोळीजवळ गेली. मासे तिनं मागाहून बघितले. अगोदर जोडाची रेघ दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिली, एकदा, दोनदा. मग बापाला काहीतरी म्हणाली. मुलानं भाषांतर केलं, "ती म्हणते, वर्ष तुमचं. पण एकट्यानं फळीवर जायचं नाय, आणि पावसात तर नायच." म्हाताऱ्यानं मान हलवली. तो ऐकणार नव्हता, हे मला दिसत होतं आणि तिलाही.

मग त्यानं फळीवर वाटे घातले. आमच्यातही असंच घालतात, जाळ्याला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. बारीक मासळी मुलीला. एक बोय स्वतःपुढं, एक माझ्यापुढं, आणि तिसरी माझ्या मुलापुढं. मुलगा मागं सरला. अठरा वर्षं त्यानं कुठल्या होडीचा वाटा घेतला नव्हता. घरात मासा यायचा तो आईच्या हातून.

"बाबा, त्याला सांगा ना. मी नुसती सुई भरली."

"भाषा तुला येते, मला काय येते? आणि सुई भरणाऱ्याचा वाटा असतो. उचल."

त्यानं कल्ल्यात बोट घालून मासा उचलला.